खळगीतले सोनेरी दाणे

भूज, ३ फेब्रुवारी

१. अंजारिया सरांच्या कपाटातला २१४ क्रमांकाचा अमोनाइट, वेटोळ्या शंखाचा जीवाश्म, आज ब्रशने साफ केला.
२. चिठ्ठीवर लिहिलंय – थर ६, पायथ्याचा राखाडी शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मातकट खडक.
३. वेटोळ्याच्या खळगीत शेल नाहीच. सोनेरी दाणे आहेत, राईएवढे. ते फक्त डोंगरमाथ्यावर, थर १९ मध्ये.
४. म्हणजे दगड वरून घरंगळला. कुणीतरी उतारावरून उचलला आणि ‘थरातून काढला’ म्हणून दिला.

या एका दगडावर सरांनी थर ६ चं वय ठरवलं, तो जैसलमेरच्या थराशी जुळवला. माझा प्रबंध त्याच्याच आधारावर उभा. शिसारी आली. खोटं बोलायचं तेही दगडाबद्दल!

४ फेब्रुवारी

सरांना दाखवला. भिंगातून बघितलं. मग एकदम – “सुमारचंच काम! मेंढरं हाकणारा माणूस, त्याला थर काय कळणार?”

वीस वर्षं सुमारभाईच आमच्या विभागाला हे डोंगर दाखवतायत, दगड काढून देतायत.

“झंखना बेटा, जुमारा गावी जाऊन सांग त्याला, यापुढे येऊ नकोस म्हणावं.” आणि बशीत चहा ओतून फुर्रर्र.

किळस आली. तरी ‘हो सर’ म्हणाले.

६ फेब्रुवारी

सांगितलं. सुमारभाई शेळीची धार काढत होते. उठले नाहीत.

“बेन, पडलेल्या दगडाला मी हात लावत नाही. आधी दगडावर वरची बाजू दाखवणारा बाण रेखायचा, मग छिन्नी – तुमच्या सरांनीच शिकवलंय. बाण आहे त्यावर?”

नव्हता.

“मग ज्यानं दिला त्याला विचारा की! माझ्या मेंढरांनासुद्धा थर कळतात.” हसले. डोळे नाही हसले.

त्यांच्या बायकोनं रोटला आणि ताक पुढे केलं.

७ फेब्रुवारी

पलीकडच्या खोलीत सरांचं फुर्रर्र. ऐकवत नाही.

८ फेब्रुवारी

देणाऱ्याचं नाव शोधायला कपाटाची जुनी वही काढली. २१४. बी.एस्सी. दुसरं वर्ष, सहल. ‘थर ६, जागेवरून काढला.’ अक्षर माझं. त्या दिवशी कुणालाच काही सापडत नव्हतं. हा माझ्या बुटापाशी पडला होता. सर सगळ्यांसमोर ‘शाब्बास’ म्हणाले होते.

सरांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

‘२१४ मी दिला. तो थरातला नव्हता. सुमारभाईंना परत बोलवा. शुक्रवार, १४ तारखेपर्यंत उत्तर द्यावं. – झंखना’