तेलानं बुजलेले पडदे

११ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्यांसमोर! मालक, मुनीम, हमाल, टाकीवरचे आश्रुबा — सगळे उभे. अन् मॅनेजर दत्तराव म्हणाला, "पाणी गाळायचे पडदे बुजले, कारण ह्या बाईनं धुतलेच न्हाईत. रजिस्टर खोटं भरलंय. आरक्षणावर शिकलेल्यांचं असंच ऱ्हातंय."
चार वर्षं ह्या तेलगिरणीचं सांडपाणी मी सांभाळते. दर सोमवारी पडदे हायपोनं, म्हणजे ब्लीचच्या पाण्यानं, धुतलेत — बोटांची सालं निघालीत माझ्या!
बघून घेते त्याला.

१३ नोव्हेंबर
ठरलेली बढती गेली. पत्रात "निष्काळजीपणा". बाबांना सांगितलं नाही.
बुजलेल्या पडद्याचा रुमालाएवढा तुकडा कापून लॅबमध्ये आणला. शेवाळासारखी बुळबुळ असती तर हायपोनं निघाली असती. निघाली नाही. क्षार असते तर लिंबूसत्वात सुटले असते. सुटले नाहीत. मग तेल विरघळवणाऱ्या हेक्झेनमध्ये तुकडा बुडवला. हेक्झेन उडून गेलं अन् बशीत राहिला पिवळा थर. तेल! गिरणीचं तेल सांडपाण्याच्या टाकीत येतंय. सोडतंय कोण?

१४ नोव्हेंबर
आश्रुबांनी सांगितलं. तेलाच्या हौदाचा तळगाळ दत्तरावच आमच्या टाकीत सोडतो — दुपारी, सगळे चहाला गेले की स्वतः व्हॉल्व्ह उघडतो.
"म्या डोळ्यानं पाह्यलंय ताई. पर माजं नाव घेऊ नका. रिटायरला दोनच वर्सं ऱ्हायलेत."
शब्द दिला.
दत्तराव! स्वतः बुजवतो अन् वर मलाच चोर ठरवतो.

२४ नोव्हेंबर
आत्ता सांगणार नाही. पुढच्या महिन्यात प्रदूषण मंडळाचे तपासणीचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर! दाबाचा काटा रोज चढायलाय — पडदे आणखी बुजायलेत. चढू दे. लय चढू दे.

२ डिसेंबर
साहेब यायच्या आधीच टाकी ओसंडली. पडद्यातून पाणी जाईना, तर जाणार कुठं? नाल्यात फेसच फेस. पलीकडच्या शेतातल्या सरजाबाईनं बकऱ्या मागं हाकलल्या. मला बघून म्हणाली, "तू तर शिकलेली ना गं? मंग?"
लाज वाटली. पण खरं लिहिते — लाजेच्या आधी मनात आलं, आता दत्तराव सापडला!

६ डिसेंबर
आईनं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. मीही हात जोडले. डोळे मिटले तर दत्तरावचं तोंड.

१६ डिसेंबर
झालं!! साहेबांनी विचारलं, "पडदे कशानं बुजले?" दत्तराव माझ्याकडं बोट करणार, तेवढ्यात मी बशी अन् तुकडा टेबलावर ठेवला. "तेल आहे सर. ह्यांनीच सोडलं."
"कुणी पाहिलंय?"
अन् मी आश्रुबांचं नाव घेतलं. विचारसुद्धा केला नाही. तोंडातून गेलंच.
आश्रुबा माझ्याकडं बघत राहिले. मग मान खाली. "हाव साहेब. म्या पाह्यलं."
दत्तरावनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मालकांकडं बघितलं. मिटलं. पांढराफटक! सगळ्यांसमोर!
देवगाव फाट्यापर्यंत स्कुटीवर एकटीच हसत आले.

२२ डिसेंबर
दत्तरावला काढलं.
आश्रुबांनाही. "माहीत असून लपवलं" म्हणे. तीनदा फोन केला. उचलला नाही. घरी जायला हवं — पण कुठल्या तोंडानं?
मालकांनी दत्तरावची खुर्ची मला दिली. "तुझ्यासारखी हुशार पोरगी पाहिजे इथं," म्हणाले. बाबांनी परभणीहून पेढे आणले, गल्लीभर वाटले. दत्तराव गावात तोंड लपवून हिंडायलाय, असं मुनीम सांगत होता. पुन्हा सांगायला लावलं त्याला!

८ जानेवारी
नवे पडदे बसले. दुपारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "चहाच्या टायमाला तळगाळाचा व्हॉल्व्ह अर्धा तास उघडत जा. बाहेर नेऊन टाकणं लय महाग पडतंय. दत्तराव आधी नाही-नाही म्हणायचा. पण करायचा."
मी "हो सर" म्हणाले.