बिरदेव नानांच्या शिफारशीनं

३ जून, वडूज
आलो बाबा एकदाचा! सतरा वर्षं फौजेत सिग्नलला काढली, आता उपसा योजनेच्या पंपघरात नेटवर्क सांभाळायचं. क्वार्टर पंपघराला लागूनच. सोनियाला दारातली चिंच लय आवडली. दिवाळीत तिची आई, माझी राजेश्वरी, गेली, तेव्हापासून पोरगी आज पहिल्यांदा पोटभर जेवली. वेणी मात्र मीच घालतो, वाकडीच होते.

काम सोपं. पंपघरातल्या विहिरीचं लोखंडी दार बोट टेकवलं की उघडतं, पण सर्व्हरच्या यादीत नाव पाहिजे. यादीतल्या कुणाच्या शिफारशीशिवाय नवं नाव चढत नाही, आणि शिफारस करणाऱ्याचं नाव काढलं की त्याच्या खालची सगळी नावं आपोआप जातात. माझ्या आधीचे बिरदेव नाना फेब्रुवारीत याच विहिरीत पडून वारले. त्यांच्या संगणकावर सर्व्हरचा एवढा भरवसा, की अजून पासवर्डसुद्धा विचारत नाही. तिथूनच, त्यांच्याच शिफारशीनं, माझं नाव घातलं. साहेबांच्या सहीची वाट कोण बघत बसणार!

५ जून
मेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवायचं नसतं. काढायला बसलो, तर नानांच्या मालकीणबाई सुलाबाई आल्या. म्हणाल्या, "आवं, वर्षश्राद्ध हुईस्तवर नाव नका काढू. त्येंला आत येता आलं पायजे." वॉचमन लालासाहेबही म्हणाले, हितं तशीच रीत हाय. राजेश्वरीचा नंबर मी स्वतः अजून फोनमधून काढलेला नाही. सुलाबाईंना कोणत्या तोंडानं नाही म्हणू? शब्द दिला.

९ जून
रोज सकाळी अकराला नोंद पडते. बिरदेव, आत. बाहेर पडल्याची नोंद नाही. त्यांच्या संगणकाची वायर मी परवाच काढून ठेवलीय.

१२ जून
यादीत नवं नाव. सोनिया. शिफारस नानांची. तिला विचारलं. म्हणाली, नाना चांगले आहेत, त्यांनीच बोट टेकवायला शिकवलं. नानांनाच काढायला हवं, पण शब्द दिलाय. तिचं तेवढं काढलं.

१३ जून
परत चढलंय. आणि तिच्या खाली— राजेश्वरी. शिफारस सोनियाची.
आज पोरीची वेणी सरळ होती. मी घातली नव्हती.
ते नाव पुसायला मन धजलं नाही. रडलो नुसता.

१४ जून, अकरा
सोनिया घरात नाही. नोंद— सोनिया, आत.
घाबरून नानांचं नाव उडवलं. खालची सगळी गेली. माझंही. दार मला उघडेना—

११.१०
लालासाहेब पहार आणायला पळालेत. दार बडवून हात सोलले. पोरगी ओ देत नाही. परवाच काढलं असतं तर—

११.१५
दाराच्या पडद्यावर माझं नाव आलं. शिफारस— राजेश्वरी. तिचंही नाव तर मघाशीच गेलं होतं!
उघडलं. आत सोनिया हसतेय. सांगतेय कुणाला तरी, आई, बाबा आले, आता त्यांचीही नोंद पडली, आत—