झग्याच्या खांद्यावरचं रफू

आबा, तुम्ही झग्यावर गोमूत्र शिंपडलंत, त्या क्षणी मी तुमचा मुलगा उरलो नाही. दसऱ्याची सकाळ होती. ओसरीवर भाऊबंद पागोटी बांधून बसले होते आणि बादशहानं आपल्या घराण्याला दिलेला तो जरीचा झगा तुम्ही पेटीतून काढला होता. दरवर्षीसारखंच सांगत होतात: बादशहानं आधी तो स्वतःच्या अंगात घातला, मग उतरवून आपल्या पूर्वजाला दिला. अंगाची ऊब होती म्हणे त्यात. त्या उबेसाठी पूर्वज मराठी फौजेतल्या सख्ख्या भावावर चालून गेला, आणि त्या भावाच्या बाजूनं तोफा डागत होते मुसलमान गोलंदाज. "जेनं मीठ खादं तेना बाजूले उभं ऱ्हावानं. जातपात मंग," तुम्ही म्हणायचात. लहानपणी हे ऐकून माझी छाती फुगायची.

त्या वर्षी झगा खांद्यावर विरला होता. मीच तो पलीकडच्या गल्लीत मुसलमान रफूगराकडे नेला. सुरतेच्या कॉलेजातून सुटीला आलो होतो. सुटी संपली तरी परत गेलो नव्हतो. कारण त्या रफूगराच्या ओट्यावर होतं. रफूगराची नजर अधू झालेली, बारीक काम त्याची मुलगी करायची. मी ओट्यावर, ती उंबऱ्याआड. धागा दातानं तोडते, मान वर न करता म्हणते, "तुन्हा पूर्वज इतला मोठा सरदार, आनि तू मन्हा बापसंगे बोलाले घाबरस?" मी हसतो. दसरा होऊ दे, मग बोलतो, असं सांगतो.

दसऱ्याला धानोऱ्याच्या काकांनी खांदा न्याहाळला. रफू कुणाचं? मी फुशारकीनं सांगितलं, रफूगराच्या मुलीचं. तुम्ही उठलात आणि गोमूत्राचा तांब्या घेऊन आलात. माझं डोकं फिरलं. "मग पूर्वजावरही शिंपडा! त्यानं तर बादशहाच्या घामाचा झगा तसाच अंगात घातला होता!"

"पोऱ्या कॉलेजमा जाईसन येडा व्हई गया," काका हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून तुम्हाला सगळं कळलं होतं. हळूच म्हणालात, "दरबार येगळा, चुल्हा येगळा."

दिवाळीच्या आत तुमच्या शब्दानं आपल्या आळीनं रफूगराचं काम बंद केलं. तो घर मोडून गेला. मुलगी खापर गावाच्या पुढं, गुजरातेत दिली, एवढंच कानावर आलं. कॉलेजात मी परत गेलो नाही, तुमच्याशी बोललोही नाही. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा आपला अबोलाच होता.

तुम्ही खोटं सांगत नव्हता, आबा. दरबारात कुणीही कुणाचाही झगा घातला, कुणासाठीही मान कापून दिली. पण तो पूर्वज झगा घालून घरी आला, तेव्हा पंगतीत बसण्याआधी शुद्धीसाठी त्यालाही काय काय प्यावं लागलं असेल, तेवढं तुम्ही गाळायचात. आम्ही आणि मुसलमानांनी एकमेकांसाठी मरायचं तेवढं चालत होतं.

आज पुन्हा दसरा. आता तुमच्या जागी झगा मी घालायचा आहे. बाहेरून काका ओरडतायत, "निंघ रे भो, समदा खोळंबना!" खरं सांगतो, चुलीत घालायचा म्हणूनच पेटीतून काढला होता. मग अंगात घातला. रफू डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. बोट तिथंच राहिलं. जाळणं जमलं नाही, आणि घालून ओसरीवर जाणंही.

झगा उतरवून, घडी करून पेटीवर ठेवला आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद तुमच्या तसबिरीपुढं ठेवणार नाही, माझ्याच खिशात राहू दे. पागोटं खुंटीवर आहे. मी नुसत्या सदऱ्यावर मागच्या दारानं निघतो, आणि दार बाहेरून ओढून घेतो.