तिसऱ्या गाण्यातलं हसणं

सोलापूर, ४ मार्च १९७६

रेवण,

नावाआधी 'चिरंजीव' लिहायला हात वळला नाही. तुझ्या बँडची रेकॉर्ड पोचली. मिलच्या मैदानावर, आपल्याच गावात तुम्ही गिटार-ड्रमचा जो धिंगाणा घातला, तो सगळा तिच्यात आलाय. शिट्ट्या आल्यात, आणि तिसऱ्या गाण्यातलं ते हसणंही.

आपल्याकडं गाणाऱ्याला गाणं चालू असतानाच मान देतात, हे तुला माहीत होतं. अप्पा तुला फेटा बांधायला स्टेजवर चढले, तर तू माइकवरून इंग्रजीत म्हणालास, "ह्या म्हाताऱ्या विदूषकाला कुणीतरी खाली न्या." पुढं बसलेली तुझी मुंबईची मंडळी खिदळली. रेकॉर्ड काढताना तेवढं तरी कापायचं की. पण तुला त्यातही मजा वाटली असणार. किळस येते मला तुझी.

अप्पांना इंग्रजी येत नाही. शेजारच्या शरणप्पांच्या रेकॉर्ड प्लेअरवर ते सुई बरोबर तिथंच ठेवतात. "पोरगं माझ्याबद्दल काय म्हणतंय, सांग की," म्हणाले. मी सांगितलं, "हे माझे वडील आहेत, असं म्हणतोय." तेव्हापासून येईल त्याला ऐकवतात. उद्या तर हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांना मुद्दाम बोलावलंय.

म्हणून मी आत्ता रेकॉर्डवर त्या जागी खिळ्यानं खोल रेघ ओढली. अप्पा माझ्यावर लई चिडतील. चिडू देत.

हे पत्र टाकणार नाही. तुझं उत्तर आलं, तर अप्पा मलाच वाचून दाखवायला सांगतील.

अप्पांची मुलगी,
महानंदा