नाव न घेता

लिटलटन, न्यू हॅम्पशर
रविवार, १२ जानेवारी

प्रिय ऑल्डन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. हे जनमत चाचणीवर अवलंबून नसतात, त्यामुळे गेल्या महिन्यात तू एक टक्क्यावर होतास तेव्हा जेवढे होते, तेवढेच आज चार टक्क्यांवरही आहेत.

इकडे सगळं बरं. आईचा खोकला उतरलाय. गुरुवारचा तुमचा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद तिने टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, की त्याच्या गळ्यात तो टाय कुणी बांधला. काल चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण होतं. तुझ्या कारखान्यातली मंडळी आली होती. सगळ्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, मी सगळ्यांना लोणचं वाढलं. तेवढा वेळ निघून गेला.

पत्र अशासाठी, की तुझा फोन आता तो वॉशिंग्टनहून आलेला सल्लागार उचलतो. हा ट्रेंट मला 'मॅडम' म्हणतो आणि गाणं ऐकवत ताटकळत ठेवतो. पन्नाशी उलटलेल्या बाईला सख्ख्या भावाशी बोलायला रांग लावायला लावतो, आणि तू म्हणे देशात सरकार आणि सामान्य माणूस यांच्यातलं अंतर कमी करणार आहेस.

वादविवाद कसा वाटला, असा तुझा मेसेज आला होता. त्यात स्वल्पविराम जागच्या जागी होते, म्हणजे तोही ट्रेंटचाच. तरी सांगते.

सुरुवात वाईट नव्हती. दहा उमेदवार एका ओळीत. चाचणीत जो वर तो मधे, जे तळाला ते दोन टोकांना. पंगतीत वाढपी मधल्या पानांशीच घुटमळला की कडेच्यांचं जे होतं तेच तुमचं झालं. राज्यपालांना परराष्ट्र धोरण विचारलं, सेनेटरांना कर विचारले, आणि तुला पुष्कळ वेळाने विचारलं, की लाकडावर पेटणाऱ्या शेगड्या बनवणाऱ्याच्या हाती अण्वस्त्रं कशी सोपवायची. अशा गर्दीत बाहेरून आलेल्या माणसाने कसं वागावं हे मी नोव्हेंबरपासून तुझ्या कानीकपाळी ओरडत होते. 'मी राजकारणी नाही' म्हणू नकोस. ते सहा जण म्हणतील. म्हणाले की नाही? त्यातला एक बावीस वर्षं सेनेटमध्ये बसलाय. 'ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा' म्हटलं की शाळकरी पोरासारखा हात वर करू नकोस. येत नाही ते येत नाही म्हण. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालून मिनिटं ओरबाडू नकोस. मिळालेल्या अर्ध्या मिनिटात असं एक वाक्य बोल, जे दुसऱ्या दिवशी डोनटच्या दुकानात कुणीतरी कॉफी ढवळता ढवळता पुन्हा म्हणेल.

आणि तू बोललास. 'आमच्याकडे हिवाळ्यात घर किती गरम ठेवायचं ते थंडी ठरवत नाही, तेलाचं बिल ठरवतं.' सभागृहात टाळ्या पडल्या. मी चौथ्या रांगेत बसून डोळे पुसले. हे तुला सांगणार नव्हते.

पण ते अर्धं मिनिट तुला दिलं कुणी, ऑल्डन?

तुझ्या माणसांना ते विसरायची फार घाई झालीये, म्हणून लिहून ठेवते. कार्यक्रमाआधी मधल्या मंडळींना सोफे, फळं, आरसे. तुम्हा दोन टोकांना कॉलेजच्या वाद्यांच्या खोलीत बसवलं होतं. हीटर बंद, ढोलांवर कोट टाकलेले. तू, मी आणि दुसऱ्या टोकाची उमेदवार इंगा स्टॉलबर्ग, ती नेब्रास्काच्या आडगावची महापौर. तिच्याबरोबर सल्लागार नव्हता, सुपाचा थर्मास होता. तिने आधी आपल्याला सूप दिलं आणि मग नियम काढला, की कुणी तुमचं नाव घेतलं तर तुम्हाला उत्तराला तीस सेकंद मिळतात. नाव घेताना शिवीच दिली पाहिजे असं कुठे म्हटलंय, असं तिचं म्हणणं. मला हसू आलं. तिने तुझं नाव घ्यायचं, तू तिचं, दोघांनी चांगल्या शब्दांत, आणि मिळालेल्या वेळात कामाचं बोलायचं. कुणाला फसवायचं नव्हतं. दोन उपाशी माणसांनी एकमेकांना घास भरवायचा होता. ठरलं.

तिने पाळलं. 'व्हीलॉक म्हणाले ते बरोबर आहे,' असं तुझं आडनाव घेऊन ती एकदा नाही, तीनदा म्हणाली. त्यातलंच एक अर्धं मिनिट ते तेलाच्या बिलाचं. मग जाहिराती लागल्या. ट्रेंट दोन दोन पायऱ्या चढत मंचावर आला आणि तुझ्या कानाला लागला. मी बघत होते. तू आधी मान हलवलीस नाही म्हणून, आणि मग हलवलीसच नाही.

पुढचा प्रश्न गावोगावची रुग्णालयं बंद पडतात त्याचा. तो तिचा विषय. तिच्या गावचं बाळंतपणाचं दालन बंद झालं होतं, ते तिने पुन्हा उघडून दाखवलंय. सूप पिताना सांगितलं होतं आपल्याला. तू नुसतं 'श्रीमती स्टॉलबर्गना विचारा' म्हणाला असतास तरी पुरे होतं. तू काय म्हणालास? 'या मंचावर काही लोकांनी गावच्या वाचनालयापेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. मी चारशे माणसांचे पगार केलेत.'

लोक हसले. तिने हात वर केला. सूत्रसंचालक अगदी अदबीने म्हणाला, 'तुमचं नाव घेतलेलं नाही.' आणि साऱ्या देशाने त्या बाईला हात खाली घेताना पाहिलं.

मारायचंच होतं तर नाव घेऊन मारायचं होतंस. राज्यपालांनी सेनेटरला नाव घेऊन लबाड म्हटलं, तर लबाडाला उत्तर तरी देता आलं. तू मारलंस आणि तिला ओरडायचीही सोय ठेवली नाहीस. हे माणूस उत्स्फूर्तपणे करत नाही. हे सुचावं लागतं, आणि सुचल्यावर तोंडातून काढावं लागतं. सुचवणारा ट्रेंट होता. तोंड आपल्या घराण्याचं होतं.

ट्रेंटने मला फोनवर राजकारण शिकवलं. म्हणे तू आणि इंगा एकाच ताटातलं खाता, तिचे मतदार ते तुझे मतदार. ती उठली की ताट तुझं. हिशेब बरोबर निघाला. तू चारवर गेलास, ती मंचावर जागा मिळायला लागणाऱ्या टक्क्यांच्या खाली घसरली. पुढच्या वादविवादात तिला जागा नाही. अभिनंदन.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसून बर्फाचे बूट चढवत होती. मला तोंड लपवायला खांबही सापडेना. तिने वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ हुशार आहे तुमचा. बाहेरचा म्हणून आला होता ना? आत यायला फार दिवस नाही लागले." मग विमानतळाच्या रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ टाकलंय का, ते विचारलं. टाकलंय म्हटलं. माझ्याकडून तिला त्या दिवशी मिळालेली खरी मदत तेवढीच.

त्या वाद्यांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. बाहेर रंगभूषेवाली बसली होती. तिने ऐकलं, कुणाला तरी सांगितलं, आणि शुक्रवारी कॉनकॉर्डच्या पेपरातून रोआर्क नावाच्या बाईंचा मला फोन आला, की असं काही ठरलं होतं का. विचार करून सांगते म्हटलं.

आणि मग तू स्वतः फोन केलास. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. नंबर बघून मला वाटलं, चला, लाज वाटली पोराला. तू छपरावरच्या बर्फाची चौकशी केलीस, माझ्या पेपरातल्या सदराचं कौतुक केलंस (ते तू वाचलेलं नाहीस, त्यात तुझीच टिंगल होती), आणि म्हणालास, "मर्न, तू एकटीने ठरवलं होतंस म्हण. मला माहीतच नव्हतं म्हण. तुझं काय जातंय? तुला कुठे निवडणूक लढवायचीय?"

मी फोन ठेवला. मी रागाने ठेवला असं तू समजला असशील. तसं नव्हतं, मी खरंच हिशेब करत होते. माझं फार जात नव्हतं. लोक म्हणाले असते, मर्ना आगाऊ आहे. ते आताही म्हणतात. मी चार दिवस कॉफी घरी प्यायले असते. भावासाठी माणूस याहून जास्त करतो, आणि उद्या तुला मूत्रपिंड लागलं तर मी शिव्या देत का होईना, देईन. पण इंगाने तोंड उघडलं तर ती हरलेल्या बाईची कुरकूर ठरणार. तिच्या बाजूने त्या खोलीत दुसरं कोण होतं? तू आणि मी. तू तर काल पत्रकारांना सांगून मोकळा झालास, की श्रीमती स्टॉलबर्गशी माझं फक्त हवापाण्यावर बोलणं झालं.

आज चर्चहून आले तोच रोआर्कबाईंचा फोन. मी सांगितलं, हो, ठरलं होतं. त्यांनी पुढे एकच विचारलं, तुमच्या भावाला ठाऊक होतं का?

ऑल्डी, वर मी 'ठरलं' म्हणून पुढे गेले. कसं ठरलं ते तुला लिहायलाही हात धजला नाही. बाईंना मात्र सांगितलं. मी म्हणत होते, माझा शब्द. इंगा म्हणाली, "तुमचा नको, बाई. त्यांचा हवा." तेव्हा तू उठलास, हात पँटला पुसलास आणि पुढे केलास.

"पँटला पुसला?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडची सवय आहे. बाबा लोखंडाच्या शेगड्या ओतायचे. कुणाला हात द्यायच्या आधी काजळी पुसून द्यायचा, हे त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलंय. त्या लिहून घेत होत्या.

उद्या सकाळी छापून येईल. आज संध्याकाळी तू स्वतःहून सांगितलंस तर ती कबुली होईल. उद्या सांगितलंस तर खुलासा. यातला फरक ट्रेंटला विचारू नकोस.

हर्ब गाडी घेऊन तुझ्या मुक्कामी मँचेस्टरला निघालाय. तुझा मेव्हणा आहे, त्याला दारात ताटकळत ठेवू नका. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं असं बजावलंय. तू वाचेपर्यंत तो खाली गाडीत थांबेल. यायचं असेल तर त्याच्याबरोबर घरी ये. आईला अजून काहीच ठाऊक नाही, आणि तिला ते पेपरातून कळू नये; ते सांगायचं काम मी करणार नाही, तुझं आहे.

तुझीच बहीण
(हे नाकारायला अजून कुणी सांगितलेलं नाही),
मर्ना