बत्तीस खिळे

शनिवार, ४ जुलै १९५९
मुळशीला पोचलो. पौडनंतर एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण बंगली झकास आहे. समोर धरणाचं पाणी, मागे डोंगर आणि साहेब म्हणून मिरवायला मी एकटा! गंज हा माझा विषय, म्हणून प्रयोगशाळेने हे केंद्र माझ्याच गळ्यात घातलं. लोखंडाच्या चोवीस पट्ट्या पाण्यात सोडायच्या, आठवड्याने काढायच्या, आम्लात गंज धुवायचा आणि किती लोखंड गेलं ते तराजूवर पाहायचं. लोक हसतात, हसोत. निबंध जमला तर पुढच्या वर्षी जर्मनी. कुमुदला सहावा महिना लागलाय. ती दहा ऑगस्टला इथे येईल आणि बाळंतपणाला माहेरी जाईपर्यंत राहील.

गुरुवार, ९ जुलै
गावकरी एकजात तुसडे. त्यांचं मूळ गाव पाण्याखाली गेलं, त्याचा राग माझ्यावर. स्वयंपाकाला येणारी सारजाबाई पोळ्यासुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारख्या लाटते. पण आज घबाड सापडलं. बुडालेल्या देवळाचा एक सागवानी खांब यांनी काठावर उभा केलाय. पाणी चढल्यापासून दर आखाडी अवसेला त्यात एक खिळा ठोकतात. बत्तीस वर्षं, बत्तीस खिळे, ओळीने, एकाच लोहाराच्या घरचे! एवढा सलग नमुना जगात कुणाकडे नसेल. खांबाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या कोंडाजीला कारण विचारलं. म्हणे पाण्यात काहीतरी आहे आणि गंज म्हणजे त्याचं जेवण. मला हसू आलं, ते त्याला झोंबलं.

मंगळवार, १४ जुलै
काल सगळे भातलावणीला गेलेले पाहून भरदुपारी पकडीने बत्तीसही खिळे उपटले. आम्लात तासाभरात स्वच्छ झाले. वजनं घेऊन आज परत ठोकायला गेलो, तर कोंडाजी उभा. मारतोय की काय असं वाटलं. त्याने चकाकत्या खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, “तुमी त्याचं ताट उचाललंत, सायब. आता त्यो रगतातलं लोखंड खाईल.”
रक्तात लोह असतं हे या अडाण्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

बुधवार, २२ जुलै
पट्ट्या काढल्या. चोवीसच्या चोवीस लखलखीत! आठ दिवस पाण्यात राहून एका मिलिग्रॅमचा फरक नाही. खांबातले खिळेही तसेच, भर पावसात कोरे. मी खोलीभर नाचलो. लोखंड गंजत नाही असं पाणी! आता जर्मनीच माझ्याकडे येईल. सारजाबाई यायची बंद झाली. दुकानदार मला मीठ देत नाही. गेले उडत. डबाभर बिस्किटं आहेत.

बुधवार, २९ जुलै
कोंडाजीची म्हैस काठावर मेली. फाडली तेव्हा आतलं रक्त ताकाच्या निवळीसारखं पाणचट होतं. गाव माझ्याकडे बघत उभं राहिलं. घरी येताना चढावर तीनदा बसलो. नखं पांढरी पडलीत. पौडच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शरीरातलं लोह फार कमी झालंय म्हणाले. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, ३ ऑगस्ट
कुमुदला पत्र लिहिलं, येऊ नकोस म्हणून. कारण काय लिहायचं? शास्त्रज्ञ माणसाने म्हाताऱ्याच्या बडबडीचं नाव घ्यायचं? पत्र फाडलं. निबंधाची चार दिवसांची आकडेमोड उरली आहे. ती झाली की मीच पुण्याला जाईन.

बुधवार, ५ ऑगस्ट
काल अवस. खिळा ठोकायला कुणी आलं नाही. घरांना कुलपं लावून, गुरं घेऊन सगळे धरणापासून लांब, रिह्याकडे गेले. कोंडाजीही. मीच एक नवा खिळा ठोकला. दहा घावांत डोळ्यांपुढे अंधारी. आज पाहिला. कोरा. पट्ट्या कोऱ्या. एक तरी डाग पडू दे रे—

शनिवार, ८ ऑगस्ट
उभं राहवत नाही. बोटाला सुई टोचली. थेंब गुलाबीसुद्धा नाही. एस.टी.चा थांबा दीड मैल. तार कोण करणार, गावात कुत्रंही— ते पत्र का फाडलं मी—

सोमवार, १० ऑगस्ट
कुमुद आली. मला पाहून रडली. आल्या पावली परत जा म्हटलं. गाडी गेली होती. ऐकत नाही. पेज करून पाजली.

बुधवार, १२ ऑगस्ट
बरं वाटतंय! उठलो, दोन भाकऱ्या खाल्ल्या. आरशात ओठ लाल. गोळ्या लागू पडल्या तर. काठापर्यंत जाऊन आलो, दम लागला नाही. कोंडाजी भेटला तर त्याच्या तोंडावर सांगेन. कुमुद अजून झोपून आहे. प्रवासाने दमली असेल.

दुपारी
तिला हाक मारली. सकाळपासून पोटात बाळ हललं नाही म्हणते. हात गार. उजेडात धरून तिची नखं पाहिली, पांढरी. त्याने ताट बदललं— हसून म्हणते, आज किती तजेलदार दिसताय तुम्ही— पाण्यापासून लांब न्यायला हवं, लगेच, थांब्यापर्यंत— उचलून पाहिलं. माझ्या हातांत एवढं बळ कधी नव्हतं. आणि ती इतकी हलकी—