न घेतलेलं माप

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. लेकीच्या लग्नाला आज आठ दिवस झाले. घर आवरून झालं, दुकानही उघडलं. गुडघा कुरकुरतो, पण मशीन चालवू देतो. समोरच्या बेकरीवाल्या काकूंचा स्कर्ट परवा पुन्हा सैल करून दिला आणि त्यांचं मन राखायला मी नेहमीसारखं सगळं खापर धुलाईवर फोडलं. एकूण मजेत आहे मी.

काल लेक आणि जावई येऊन गेले. बोलता बोलता लेक म्हणाली की तुझ्या कोटाचं बटण कसंबसं लागलं होतं, आणि निघताना तू तिला जवळ घेतलंस तेव्हा काखेत टर्रकन उसवलं. मी शिवलेला कोट! तो अंगात घालून तू पाच तास हसतमुखाने उभा राहिलास, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस. माझं डोकंच फिरलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला दोन इंचांचा फरक सांगता येऊ नये? मिठाची गुळणी धरून बसायची तुझी सवय काही गेली नाही.

मग रात्रभर नाही, पण चहा होईपर्यंत तरी विचार केला. आपला संसार भांडणाने मोडला असता तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. आपलं धड भांडणही झालं नाही. तुझी बदली झाली, मी म्हटलं जा, दुकान सोडून मला येता येणार नाही. तू बॅग भरलीस आणि गेलास. तू आग्रह करशील म्हणून मी वाट बघत होते, मी अडवेन म्हणून तू बघत असशील. अकरा वर्षं गेली त्यात.

आणि कोटाचं म्हणशील तर चूक तुझी नाहीच. महिन्यापूर्वी तू दुकानात आलास, माप द्यायला दोन्ही हात वर करून उभा राहिलास. मी तोऱ्यात म्हटलं, राहू दे, तुझं माप मला पाठ आहे. आणि कापड बेतलं ते आपल्या लग्नातल्या कोटाच्या मापावर! शिकाऊ मुलगीसुद्धा असं करणार नाही. खरं सांगू? टेप माझ्या गळ्यातच होती. पण तुझ्या छातीभोवती हात न्यायचे म्हटल्यावर मला धीरच झाला नाही. रोज दहाजणांची मापं घेणारी बाई मी, तुझ्याजवळ यायला घाबरले. ट्रायललाही बोलावलं नाही ते त्याच भीतीने.

तू आता निवृत्त झालास. लेक सांगते, एकदा भाजी करतोस आणि दोन दिवस तीच खातोस. तर असं कर, रविवारी कोट घेऊन ये. आत कापड भरपूर सोडलंय, सैल होईल. या वेळी माप घेईन, नीट, घाई न करता. कुठे आवळलं तर तोंड उघडून सांग. माझंही एक सांगायचं राहिलंय, तू बॅग भरत होतास तेव्हापासून. कोट हे निमित्त आहे, पत्र त्यासाठीच लिहितेय. आलास की परत जाऊ नकोस.

तेव्हाही आणि आताही तुझीच,
टेलरबाई